एसीतला दसरा

चहा येईस्तोवर आमच्या जुन्या गाडीचं सांगतो. ऐन मे महिन्यात नातीला डॉक्टरकीच्या परीक्षेला देगलूरहून लातूरला नेत होतो. एसी पुरता वाढवला, तरी जाळीतून हवा कुणी फुंकर घातल्यासारखी येई. उदगीरच्या अलीकडं उकाड्यानं पोरीचा घोळणा फुटला. मागं बसलेली माझी बायको तिच्या नाकाशी ओला रुमाल धरून म्हणाली, “अहो, असं रगत गळत ऱ्हायलं तर पोरगी पेपर कसा लिहील? इकून टाका ही गाडी!”

उदगीरला एक मिस्त्री गाठला. त्यानं बॉनेट उघडून एसीच्या पाइपाला हात लावला. “गॅस हाय, काका. गारवा बनून राहिलाय, पण हवाच पुढं येईना.”

मग डाव्या सीटसमोरचा कप्पा काढून त्यानं एसीच्या पंख्याच्या खोक्यात हात घातला. मूठभर आपट्याची पानं निघाली, वाळका झेंडू निघाला.

“काका, किती दसरे भरून ठेवले हो आत?”

मी बायकोकडं पाहिलं. दर दसऱ्याला गाडीची पूजा तीच करायची, आणि फुलं-पानं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून पुढच्या काचेखालच्या, एसीला हवा घेणाऱ्या फटीत खोचायची. ती पदरानं काच पुसायला लागली. नाकात कापूस घातलेली नात मात्र खुदकन हसली, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला.

गाडी निघाली. हवा अशी सुटली, की पोरीची ओढणी उडायला लागली. तसा मागून आवाज आला, “अहो, कमी करा की जरा! परीक्षेला चाललंय लेकरू, सर्दी झाली तर?”