खाप्याच्या अपक्षाचं शून्य

अरे, त्या खापा नगरपरिषदेच्या निकालाचं सांगायचंच राहिलं! आमच्या पेपरचं निकालाचं पान छपाईला निघालं होतं आणि निवडून आलेल्या अपक्षापुढे मतं शून्य. गुलालात न्हालेला तो माणूस मी डोळ्यांनी पाहून आलो होतो. पान अडवलं आणि आमच्या संगणक विभागातल्या वैशालीवर ओरडलो, "काहून वं, त्यानं स्वतःलेही मत देलं नाही काय?"

तिने फाइल उघडली. "भाऊ, या फायलीत दर दोन रकान्यांमधी स्वल्पविराम असते. अपक्षाले पक्ष नाही, म्हणून तिथं दोन स्वल्पविराम लागोपाठ आहेत. माझा सी भाषेतला प्रोग्राम दोन्ही मिळून एकच समजून राहिला. रिकामा रकाना गायब, मतं सरकून पक्षाच्या रकान्यात, अन् मतांच्या रकान्यात शून्य!"

तिने दुरुस्ती केली, मतं जागेवर आली. संपादकांनी घाम पुसला. "उद्या ऑफिसवर दगड पडले असते गा!"

"पहिला मीच मारला असता," मी म्हणालो.