सरासरी अडतीस

टेलरबाई : पुन्हा वाचा काका ती ओळ. एकदा ऐकून डोक्यात शिरली नाही माझ्या.

काका : 'आपल्या रस्ता सुरक्षा मंडळाने दोन वर्षांत सादर केलेल्या नोंदींनुसार सदर रस्त्यावरील वाहनांचा सरासरी वेग ताशी अडतीस किलोमीटर आहे. मर्यादा चाळीसची आहे. सबब गतिरोधक व पादचारी पट्टे यांची आवश्यकता दिसून येत नाही.' खाली बांधकाम खात्याची सही, शिक्का. आणि 'सहकार्याबद्दल आभार.'

टेलरबाई : आभार पण मानलेत. शिकली-सवरलेली माणसं आहेत.

काका : आकडा खोटा नाही, टेलरबाई. अडतीसच येतो. मी दोनदा बेरीज केली.

टेलरबाई : येणारच ना. दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला आपण दोघं पिवळी जॅकेटं घालून, हातात ती स्पीडगन घेऊन उभे. पार त्या वळणावरून दिसतो आपण. बघितलं की पाय ब्रेकवर. आपण घरी गेलो की पुन्हा विमानं.

काका : नियमच तसा आहे. मशीन पोलीस चौकीतून मिळतं ते जॅकेटच्या अटीवर. दोन माणसं, दोन सह्या.

टेलरबाई : सुरुवातीला मंडळात अकरा जण होतो. फोटो काढून झाला आणि नऊ जणांच्या कंबरा धरल्या. माझी शिलाई पडून राहते, तुमचे गुडघे बोलतात, परवा त्या टेम्पोवाल्याने अंगावर चिखल उडवला. कशासाठी? हा रस्ता चांगला आहे हे लेखी सिद्ध करायला.

काका : पंधरा दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो, असं खाली लिहिलंय. सोबत सलग एका तासाची नवी नोंद जोडायची.

टेलरबाई : मुदत कधी संपते?

काका : उद्या.

टेलरबाई : मग आज लिहू या. आणा ते रजिस्टर. अडतीस आली की अडुसष्ट लिहा. सही मी करते.

काका : ते नाही जमणार.

टेलरबाई : का नाही जमणार? संध्याकाळी अडुसष्टच असतात गाड्या. खोटं थोडंच आहे? फक्त वेळ चुकीची.

काका : चौतीस वर्षं वजनकाट्यावर बसलोय मी. उसाचे ट्रक, वाळूचे ट्रक. मालक समोर चहा ठेवायचे, शेजारी पाकीट ठेवायचे. चहा प्यायलो. काट्यावर जे दिसलं तेच लिहिलं. आता म्हातारपणी हात नाही वळायचा.

टेलरबाई : तुमचा हात स्वच्छ राहील काका. पण आमच्या ह्यांचा पाय मोडला त्याचं काय? खांद्यावर शिडी घेऊन रस्ता ओलांडत होते, दुसरं काही नाही. अकरा महिने अंथरुणात. वायरमन माणूस, गावातल्या प्रत्येक घराचं मीटर त्यांनी लावलेलं, आणि आता समोरच्या बाजूचं स्वतःचं दुकान खिडकीतून बघतात. तीन वर्षं झाली. म्हणतात, पट्टे आखले, गाड्या हळू झाल्या की जाईन. मी म्हणते, होणार, आकडे पाठवतोय. आज घरी जाऊन काय सांगू? अडतीस?

काका : जॅकेट काढा.

टेलरबाई : काय?

काका : जॅकेट काढा आणि बसथांब्याच्या भिंतीमागे या. ह्या फटीतून वळण दिसतं. एक तास लपून मोजू. येईल तो आकडा लिहू.

टेलरबाई : आणि नियम?

काका : फॉर्मवर रकाना आहे, 'जॅकेट घातले होते का'. तिथे 'नाही' लिहीन. खाली कारण लिहीन. मान्य करायचं की नाही ते त्यांनी बघावं. मशीन काढून घेतलं तर घेतलं.

टेलरबाई : तुम्हाला हे आधी का नाही सुचलं?

काका : सुचलं होतं. धीर नव्हता.

टेलरबाई : सरका थोडं. इथे मुंग्या आहेत.

काका : ही आली पहिली. मोजायच्या खांबाजवळ येऊ दे... एकाहत्तर. लिहा.

टेलरबाई : एकाहत्तर.

काका : ही दुसरी. छप्पन्न. मागची... ब्याऐंशी.

टेलरबाई : ब्याऐंशी? ही तर डॉक्टरांची गाडी. आपली जॅकेटं त्यांनीच दिली ना?

काका : त्यांनीच. उद्घाटनाचं भाषणही त्यांचंच होतं.

टेलरबाई : एरवी हात हलवून जातात. मी म्हणायची, किती सावकाश चालवतात बिचारे.

काका : चौसष्ट. मोटरसायकल, नव्वद.

टेलरबाई : नव्वद. काका, आपण दोन वर्षं नाटक बघत होतो हो. आपल्यासाठीच बसवलेलं.

काका : आठ वाजून वीस झाले. अजून चाळीस मिनिटं. एवढं पदरात पडलं की त्यांना तोंड उघडायला जागा नाही.

टेलरबाई : हे मिळालं तर माझा गाशा गुंडाळला बघा. एकदा पट्टे आखू देत, मी मंगळवारी सकाळी आठपर्यंत झोपणार आहे.

काका : झोपा. मीही गुडघ्यांना तेल लावणार आहे.

टेलरबाई : काका, जरा तिकडे बघा. आमच्या दारात कोण आहे?

काका : मला त्या बाजूचं दिसत नाही. मी वळणाकडे बघतोय.

टेलरबाई : आमचे हे आहेत. वॉकर घेऊन पायरी उतरले.

काका : ऊन खायला आले असतील.

टेलरबाई : कडेपर्यंत आले. आणि मान खाली घालून... काका, ते रस्त्यात उतरतायत.

काका : वळणावर पांढरी व्हॅन आहे. एक्याऐंशी. हाक मारा त्यांना.

टेलरबाई : हाक नको. दचकले तर तिथेच पडतील. ते जॅकेट द्या इकडे.

काका : तास मोडेल, टेलरबाई.

टेलरबाई : द्या म्हणते ना.

(टेलरबाई जॅकेट अंगात घालत भिंतीमागून थेट रस्त्याच्या कडेला जाऊन हात वर करून उभी राहते.)

काका : एक्याऐंशी. अजून एक्याऐंशी. बघ रे बाबा, बघ पुढे. चौऱ्याहत्तर. बघितलं त्याने. साठ. सत्तेचाळीस. खांब... एकतीस. गेली. मागून, टेलरबाई. मागून गेली त्यांच्या. ते पलीकडे पोचले.

टेलरबाई : अहो. थांबा तिथेच. हलू नका, मी येते.

वायरमन : अगं, तू समोरून कशी आलीस? तुमची तर पाठ असते इकडे.

टेलरबाई : असते म्हणजे? तुम्ही बघता केव्हा? आणि हे काय चाललंय, एकटे रस्ता ओलांडताय? काही झालं असतं म्हणजे?

वायरमन : काय व्हायचंय? मंगळवार आहे. आठ वाजून गेलेत. तुम्ही दोघं उभे असताच.

टेलरबाई : आज उभे नव्हतो. बघितलं नाहीत का?

वायरमन : मी बघत नाही गं. रस्त्याकडे बघितलं की पाय जागचा हलत नाही. वॉकरच्या चाकाकडे बघायचं आणि मनात म्हणायचं, ती उभी आहे. मग पोचतो.

टेलरबाई : मग पोचतो म्हणजे? किती वेळा आलाय असे?

वायरमन : पावसाळ्याच्या आधीपासून. मंगळवारी आणि शुक्रवारी. तुम्ही वळणाकडे गन धरून असता, मी तुमच्या पाठीमागून येतो. शटर अर्धं वर करून बसतो. तुमचं संपायच्या आत परत. आतापर्यंत नऊ पंखे केले, तीन इस्त्र्या.

टेलरबाई : आणि मला घरी खिडकीत बसलेले दाखवायचे.

वायरमन : सांगणार होतो. एकदा सांगितलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पाय गळाले असते, तर पुन्हा तुझ्या तोंडाकडे बघायचं कसं? म्हटलं, आधी दहा पंखे होऊ दे.

टेलरबाई : नऊ पंखे. मी रोज विचारते, पायाला मुंग्या येतात का, आणि हा माणूस नऊ पंखे करून बसलाय.

काका : वायरमन, दम लागलाय. बसा त्या ओट्यावर. टेलरबाई, तुम्हीही बसा.

टेलरबाई : मी बरी आहे. काका, ती व्हॅन लिहिली का?

काका : लिहायचीय. खांबापाशी असेल तो आकडा लिहायचा, असा नियम आहे. वळणावर एक्याऐंशी होती. तुम्ही दिसलात तेव्हा साठाच्या घरात आली.

टेलरबाई : आणि खांबापाशी?

काका : एकतीस.

टेलरबाई : मग एकतीस लिहा.

काका : जॅकेटच्या रकान्यात आता 'हो' लिहावं लागेल. तास मोडला. दहाला मशीन चौकीत परत द्यायचंय. पुन्हा पहिल्यापासून लपायचं तर आत्ताच लपायला हवं, नाहीतर उद्याच्या अर्जाला नोंद नाही.

वायरमन : लपायचं? कशाला लपायचं? मला काही कळेल का?

टेलरबाई : घरी गेल्यावर सांगते. आज काय काम आहे दुकानात?

वायरमन : शाळेतल्या बाईंचा मिक्सर. मोटर उघडावी लागेल. तासभर तरी जाईल. तुमचं लवकर आटपणार असेल तर आत्ताच परत जातो, मिक्सर शुक्रवारी करीन.

काका : टेलरबाई, तुम्ही सांगाल तसं. मी दोन्हीला तयार आहे.

टेलरबाई : तुमचं जॅकेट कुठे आहे काका?

काका : भिंतीमागे.

टेलरबाई : घाला. अहो, मिक्सर नीट उघडा. घाई करू नका, तास लागू दे नाहीतर दोन. आम्ही उभे आहोत.