खेकड्याचा पेपर आणि डॉक्टर पिराजी

...आन् वर मलाच म्हणत्यात, "सर, इंटरनेट आलंय की आता! अवघड काय हाय त्यात?" अवघड काय हाय? अवघड काय हाय व्हय! बसा पावणं, बसा, तुम्हालाच सांगतो, घरात आता कोण ऐकून घेत न्हाय, मी 'खेकडा' म्हटलं की आमची बायको मिक्सर चालू करती...

मी श्रीशैल. गाव हुपरी. अख्खी भावकी चांदीची पैंजणं घडवती आन् मी एकटा कोल्हापुरात कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. आमचं आण्णा, म्हंजे वडील, जाईपतूर म्हणायचं, "चांदी सोडून खेकडं मोजतोस व्हय रं?" मोजतोय! काय करू?

तर एक्क्याण्णव साली शाहूवाडीच्या वरच्या अंगाला गेलतो, तिथं भाताच्या बांधावर पिराजी भेटला. वय साठीला टेकल्यालं, शाळा चौथीतच सुटलेली, पर नजर अशी की माझ्या डिग्र्या दोरीवर वाळत घालाव्यात! मला म्हणतो, "सर, ह्यो खेकडा बघा. पाणी चढायच्या आदी दोन दिस बिळाला चिखलाचं झाकण बसवतोय. त्येच्याकडं बघूनच आमी बांध फोडतोय." मी हसलो. तिसऱ्या दिवशी पाणी चढलं. माझं हसू जाग्यावर बंद!

सहा पावसाळं, पावणं, सहा! तो बिळं राखायचा, मी पट्टी लावून मोजायचो, आन् जळवा दोघांच्या बी पायाला. मी शब्द दिला, "तात्या, ह्येचा पेपर छापून आणतो. रोजचा पेपर न्हवं, शास्त्राचा, विलायतेच्या मासिकात. आन् माझ्या नावाशेजारी तुमचं नाव." त्यानं नुसतं हात धुतलं आन् टॉवेलला पुसलं... जसं काय मासिक आत्ताच हातात येणार हाय.

सत्त्याण्णवला तीन प्रती टाइप केल्या, आकृत्या काळ्या शाईनं हातानं काढल्या, रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. आठ महिन्यांनी उत्तर. खेकडा चांगला हाय म्हणं, अजून तीन पावसाळं बघा. बघितलं! मोजलं! सगळं परत टाइप केलं, परत पोस्टात टाकलं... आन् पाकीट जसंच्या तसं माघारी! आत चिठ्ठी, 'आम्ही आता कागद घेत नाही. संकेतस्थळावर या.' आवं, कागद घेत न्हाय म्हंजे? मासिक हाय का वारं हाय? तर पोस्टातला पिशवी बांधता बांधता मलाच म्हणतोय, "इंटरनेट आलंय की सर! अवघड काय हाय?"

गेलो. 'क्रांती सायबर कॅफे'. मालकिणीचंच नाव क्रांती, बाई कडक, माउस आपटला तर हातावर चापट मारंल. फॉर्म उघडला. माझं नाव, माझं कॉलेज, झालं. मग दुसरे लेखक. क्रांती म्हणती, "सर, ह्यांचा ईमेल टाकल्याबिगर गाडी पुढं सरकत न्हाय." मी म्हटलं, "आगं ते भात लावतंय, त्याला कुठला ईमेल?" "काढूया की, अवघड काय हाय?" काढला! पिराजी, मग आडवी रेघ, मग खेकडा. संस्था? यादीत जगातली समदी विद्यापीठं, भाताचं शेत तेवढं न्हाय! शेवटी 'इतर' दाबून लिवलं, भातशेत, शाहूवाडी. उपाधी? दोनच, प्रोफेसर न्हायतर डॉक्टर. प्रोफेसर मी. मग त्याला केला डॉक्टर.

आता आकृत्या. वर चढाय लागल्या, साठ टक्के, सत्तर, ऐंशी... लाइट गेली! दुसऱ्या दिवशी नव्वदवर गेली. तिसऱ्या दिवशी लाइट होती, तर पडद्यावर आलं, 'तुमची वेळ संपली.' माझी वेळ? बारा वर्षं खेकड्याच्या दारात बसलोय मी, आन् माझी वेळ संपली व्हय?

चढलं एकदाचं. तर ते म्हणतंय, दुसऱ्या लेखकानं स्वतः 'मान्य' दाबावं. मी गुपचूप दाबलं असतं, पर मन होईना. पिराजी यष्टीनं आला, पायताण भाईर काढलं, माउस दोन्ही हातांनी धरला आन् असा दाबला की क्रांती उठून उभी राहिली. मला हळूच म्हणतो, "झालं व्हय छापून?" म्या म्हटलं, "तात्या, अजून तपासणार हायती." "तपासू दे की," म्हणाला, "खेकडा खरा हाय."

दोन वर्षं तपासलं! दोन हजार सहाला कळवलं, 'अभिनंदन, प्रसिद्ध झाला.' मी हौसेनं लिवलं, छापील अंकाच्या दोन प्रती पाठवा. उत्तर आलं, 'छापील अंक आता निघत नाही. सर्व इंटरनेटवर आहे.' पूर्वी आमच्या लायब्ररीत अंक बोटीनं चार महिन्यांनी यायचा, शिळा यायचा... पर हातात यायचा की ओ!

पिराजीला निरोप धाडला. फेटा बांधून आला. पेढं घेऊन आला. क्रांतीनं त्याला स्वतःची खुर्ची दिली. मी बटण दाबलं. वर खेकड्याचं नाव, खाली माझं, शेजारी त्याचं. बोट लावून दाखवलं. पडद्याला हात लावून म्हणाला, "हं, उघडा आता." उघडाय गेलो... तर 'वर्गणीदार असाल तरच पुढे वाचा.' क्रांती म्हणती, "सर, पासवर्ड मागतंय." "आगं, मीच लिवलाय तो!" "त्याला काय म्हाईत?"

पिराजीनं पडद्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "म्हंजे दारावर पाटी आपली, आन् कुलूप दुसऱ्याचं?"

मी मान खाली घालून तेवढं नावाचं पान छापून दिलं. त्यानं त्याची घडी केली न्हाय. यष्टीत उभ्यानं, छातीशी धरून नेलं. पंधरा वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, आण्णांचं ऐकून पैंजणं घडवली असती तर बरं झालं असतं.

आन् आता परवा त्याच्या ईमेलवर पत्र! ब्राझीलच्या कुणा बाईचं. 'आदरणीय डॉक्टर पिराजी, पेपर उघडत नाही, कृपया एक प्रत पाठवा.' मला साधं 'श्री' न्हाय, आन् ह्यो आदरणीय! बोलावून वाचून दाखवलं. तर म्हणतो कसा, "लिवा सर, कागद आमच्याजवळ बी न्हाय. पर तुमी इकडं या, खेकडाच दावतो. आन् मला टायपाय येत न्हाय, शेजारी सर टायपत्यात, त्ये बी लिवा." लिवलं! शब्दाला शब्द लिवलं.

आज सकाळी उत्तर आलंय. पुढच्या जूनला बाई येणार हाय, शाहूवाडीला, डॉक्टर पिराजींकडं, आन् खाली एक ओळ वाढवून घातलीय...

'आपल्या टायपिस्टलाही नमस्कार सांगावा.'

सांगितला, पावणं. मीच मला सांगितला.