रिंगकडं पाठ

न्हाई, न्हाई — बास्केटबॉलमदी शाकील ओनीलचं नाव माह्यापुढं घेऊ नको, ज्ञानेश्वरी. शाक मंजी ताकद. मारक्या रेड्यावानी खांदा लावायचा, समोरच्याला ढकलीत रिंगाखाली न्यायचं अन् वरून चेंडू कोंबायचा. एवढ्या वजनाचा माणूस इतका चटकन वळतो, ते कबूल, ती देवाची देण हाय — पण कारागिरी? बस त्या स्टुलावर. चाक खोललंय तुह्या स्कुटीचं, ट्यूब काढायची हाय, आता कुठं जाणार तू? अन् ती पत्रिका तिथंच ठेव, हात काळे हायेत माहे. वाचली मी. रंगनाथरावांचा सेवापूर्ती सोहळा! तुहा बाप रेल्वेतून रिटायर व्हायलाय, अन् दोन शब्द बोलायचे कुणी? तर या भुजंगनं. पंक्चरवाल्यानं. वा रे वा.

खरा खेळ कुणाचा इचारतीस ना? मग ऐक. उंच माणसाला सगळे म्हणतेत, तुला काय, हात वर केला की रिंग. आगं, रिंग पाठीमागं असती! पाठ रिंगकडं, छाती आपल्या गड्यांकडं, अन् मागं एक राक्षस कमरेत कोपर खुपसून उभा — दिसतंय काय? काईच न्हाई. पाठीनंच वळखायचं, तो कुण्या अंगाला झुकलाय, वजन कुण्या पायावर हाय. आता करीम घे, करीम अब्दुल जब्बार. डाव एकच — अंग आडवं करायचं, एका हातानं मागच्याला लांब ठिवायचं अन् दुसऱ्या हातानं डोक्यावरून हूक. वीस वर्सं साऱ्या दुनियेला ठावं होतं की हा आता हूक मारणार, पण अडवायचं मंजी भल्याभल्यांच्या तोंडाला फेस. मॅकहेल घे — हात हे एवढे लांब, मारल्यावानी करायचा, समोरचा उडाला की त्याच्या काखंखालून पसार. टिम डंकन — मास्तर फळ्यावर टिंब देतो तसा रिंगमागच्या बोर्डावर नेमक्या जागी चेंडू टेकवायचा, ना आरडाओरड ना तमाशा. पण सगळ्यात वर कोण? हकीम. हकीम ओलाजुवान. आधी फुटबॉल खेळला, हँडबॉल खेळला, बास्केटबॉल लय उशिरा धरला — म्हून तर पाय तसले! खांदा इकडं, नजर इकडं, अन् माणूस गेला तिकडं. मागचा उभाच. मी म्हणतो हूक करीमचा अन् पाय हकीमचे, बाकी सगळे मागून.

मी कुठं शिकलो? हितंच, पूर्णेत, रेल्वे इन्स्टिट्यूटमदी. सिकंदराबादच्या एका साहेबानं अमेरिकेतल्या खेळाची व्हिडिओ कॅसेट आणली होती, ती आमी झिजूस्तोर बघितली — मी अन् तुहा बाप. अन् गंमत बघ, टीव्हीतल्या गड्याचं तोंड माह्याकडं, तो पडद्यावर ज्या बाजूला वळायचा त्याच बाजूला मी वळायचो — सगळा डाव उलटा बसला की! तो उजव्या हातानं हूक मारायचा, मी डाव्या. हास, हास, तवा बी लोक हासायचे. पण नांदेड म्हणू नको, अकोला म्हणू नको, कुणालाच कळंना हा उंट कुण्या अंगावर वळतो ते. सहा महिने हितं अन् सहा महिने आईबापासंगं ऊसतोडीला. डोक्यावर मोळी घेऊन फडात गिरकी मारायचो मी. बाप म्हणायचा, याला वारं लागलं.

पण कारागिरी घेऊन काय चाटायची? रिंगाखालचा गडी मंजी पंगतीत बसलेला माणूस — वाढप्यानं वाढलं तर खाणार. अन् आमचा वाढपी कोण? तुहा बाप. ठेंगणा, चलाख, चेंडू सगळा त्याच्या हातात. सिकंदराबादला रेल्वेच्या भरतीची ट्रायल, अन् खेळाडूसाठी नोकरीची जागा एकच. पूर्णेत कुणाला बी इचार, सांगंल — रंगनाथनं भुजंगला चेंडू दिला न्हाई, सोता मारला अन् नोकरी घेऊन बसला. कुणी सांगितलं लोकांना? मीच. पस्तीस वर्सं सांगायलोय. नोकरी त्याला, क्वार्टर त्याला, पेन्शन त्याला — अन् मला काय, कोयता. कंबर गेली तवा हे दुकान टाकलं. इज्जतीनं जगलो, पर माहं होतं ते त्यानं नेलं. तुला वाईट वाटंल, वाटू दे. शेवटचा मिनिट होता, मागचा गडी मी आसा पाठीवर घेतलेला — त्याचं सगळं वजन उजव्या अंगाला, डावीकडचं रान मोकळं. चेंडू हातात आला तवा मला त्याचा श्वास बी —

काय? — आला मंजी... येणार होता, म्हणलो. — म्हणलो की मी, येणार होता.

लय बारीक ऐकतीस तू. बापावर गेलीस.

आला. आला हातात! नीट, छातीच्या वर, जिथं पायजे तिथं — तुह्या बापानंच दिला. अन् माहे पाय उचललेच न्हाईत. हकीम ठावं, करीम ठावं, डाव सगळे पाठ, अन् डोस्क्यात एकच — चुकला तर परत फडात. चटका बसल्यावानी चेंडू माघारी फेकला त्याच्याकडं. त्यानं मारला, पडला, शिट्टी झाली. भेलो मी, पोरी. मागच्या गड्याला न्हाई — सोताला भेलो. अन् तुह्या बापाचा राग मला कशाचा हाय, सांगू? तो कवाच बोलला न्हाई. भर चौकात मी त्याला चोर म्हणायचो अन् तो मान खाली घालून जायचा. एकदा तरी म्हणायचं होतं त्यानं, भुजंग, खोटं बोलायलास. मी हाणला असता त्याला, पण सुटलो असतो.

काय म्हणलीस? घरी काय सांगतो तो? — पुना म्हण.

भुजंगनं आपला चेंडू मला दिला म्हून मला नोकरी लागली — आसं सांगतो? तुमा लेकरांना? लहानपणापासून? — दोस्तीखातर दिला म्हणतो? मी भेलो ते त्याला दिसलंच न्हाई? — अन् म्हून बोलवायलाय मला, माह्याच गळ्यात हार घालायला, साऱ्या गावासमोर?

ऊठ. चाक बसलंय. — न्हाई, येत न्हाई मी. ती पत्रिका बी उचल. — कामून मंजी? पस्तीस वर्सं ज्याला शिव्या द्याव्या आसा एक माणूस होता मला, त्यो बी नेलास तू. जा. त्याला काईच सांगू नको. जा म्हणलं ना.