टीव्हीतला धोटा

...आन वर म्हनं, खेळ! अवो, ह्याला खेळ म्हणत्यात व्हय? हुतूतू म्हंजे खेळ, आट्यापाट्या म्हंजे खेळ, गुडघा फुटला तर कशानं फुटला ते कळतं तरी! हितं काय? टीव्हीची काळी काच, मधी तुटक रेघ, दोन बाजूला दोन पांढऱ्या काठ्या, आन एक पांढरा ठिपका, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं... टुक... टुक... टुक... आपन हातात बटन धरायचं, रेडिओचं स्टेशन लावल्यागत पिळायचं, काठी वर-खाली करायची आन ठिपका अडवायचा. संपलं! ना रंग, ना गडी, ना आरडावरडा. विरुपाक्ष म्हंतो, विलायतेत घराघरात हेच चाललंय आन उद्या हितंबी येनार. घराघरात! तुमाला सांगतो, एकोणीस वर्सं माग चालवला, पन असा घाम कदी फुटला न्हवता.

ह्यो विरुपाक्ष म्हंजे आमच्या चनमल्लप्पा मालकांचा भाचा. मालकांचा चादरीचा कारखाना, मी तितं विणकर. भाचा विलायतेतनं आला आन ही खेळाची पेटी घेऊन आला. मालकांकडं टीव्ही हुताच, पन सोलापुरात कुटलं आलंय चित्र? नुसत्या मुंग्या! वर्सभर मालक पान खात मुंग्याच बघत हुते. पेटी जोडली, मुंग्या गेल्या, काठ्या आल्या. हितवर माझं काय बी म्हणनं न्हाय. पन भाचा बोलून गेला, "मामा, ह्यात माणसाची नजर कळते, हात कळतो." झालं! मालकांच्या डोक्यात किडा वळवळला. कदीपासनं त्यांना एका माणसाला दोनाऐवजी चार माग द्यायचं हुतं, पन द्यायचं कुनाला? आता कळलं. एकेका विणकराला आपल्यासंग खेळवायचं, जो जिंकंल त्याला!

तुमी हसताय. अवो, दोन माग म्हंजे नजरंफुडं. चार झालं की दोन पाठीमागं! पाठीला डोळं हायत व्हय मला? आन मागात सूत घिऊन हिकडनं तिकडं पळनारा धोटा म्हंजे काय रबरी चेंडू न्हवं, दोन्ही टोकाला लोखंड, चुकून उडाला की बंदुकीची गोळीच. माझ्या शेजारच्या मागावरच्या सिदूचं फुडचं दोन दात धोट्यानंच न्हेलं, आन सिदू वर म्हंतो, "दातावर भागलं गड्या, डोळा वाचला." तवापासनं भ्या बसलंय माझ्या पोटात, खोटं कशाला बोलू.

माझी पाळी लागली. घरी सांगितलं, तर आमची सोजरबाई कमरंवर हात ठिवून उभी! "हे बघा, गुमान हरून या. जिंकून आलात तर दारात उभं करनार न्हाय." आन लगीच कमळाभवानीला नारळ बोलली. नवरा हरावा म्हणून नारळ! देवीलाबी कोडं पडलं असंल.

गेलो. मालक गादीवर मांडी घालून, कानडीत या-बसा करत्यात. "बा जोतीराम, बा! कूत्को, बस म्हंतो. भितोस कशाला, खेळच हाय की!" खेळ! ह्याला खेळ म्हणत्यात व्हय? बसलो कडंला, घेतलं बटन. मनात ठरवलं, हात हलवायचाच न्हाय. ठिपका येऊ दे, जाऊ दे, पंधरा येळा गेला की आपन हरलो, चाललो घरला. ठिपका निघाला... सुसाट... सरळ माझ्याकडं... आन अवो, हातच ऐकंना! एकोणीस वर्सं ह्या हाताला एकच ठावं, धोटा भाईर जाऊ द्यायचा न्हाय! टुक! अडवला. परत आला. टुक! डोळं गच्च मिटलं, तर आवाजावर हात चालतोय! भाचा वरडतोय, "वा जोतीराम, वा!" मी मनात म्हंतो, गप की मुडद्या, माझा जीव चाललाय...

मालक चुकतायत, माझं आकडं चढतायत. माझं बारा, मालकांचं शून्य. तेरा. चौदा. मला गरगराय लागलं. आन पंधराव्याला ठिपका मालकांच्या काठीवरनं निसटला, सुटला की तिकडं, मालकांच्या अंगाला... मालक आपलं टक्कल फुडं करून बसल्यालं... माझ्या तोंडातनं किंकाळीच गेली, "मालक, डोळाऽऽ!" आन घेतली उडी! मालक गादीखाली, मी मालकांवर, माझ्यावर लोड, लोडावर चहाची किटली. भाचा आ वासून बघतोय. आता सांगा, ह्याला खेळ म्हणत्यात व्हय?

उठलो. म्हनलं, नोकरी गेली! गेली तर गेली, चार माग तरी टळलं. मालकांनी धोतर सावरलं, मिशीचा चहा पुसला, माझ्याकडं बघितलं... आन डोळं भरून आलं की वो त्यांचं! भाच्याला म्हंत्यात, "बघितलंस विरुपाक्ष? सोताची काठी सांभाळून ह्यो माझ्या बाजूवरबी ध्यान ठिवून हुता! असल्या माणसाला चार माग देनं म्हंजे अपमान हाय अपमान!"

माझा जीव भांड्यात पडला. मी हात जोडून म्हनलं, "व्हय मालक, लईच अपमान!"

तर सोमवारपासनं सहा दिल्यात. दोन फुडं, दोन पाठीमागं, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. सिदू इचारतोय, "का रं जोतीराम, आता भ्या वाटत न्हाय व्हय?" वाटतं की गड्या... पन सहा मागांत भ्यायला सवड कुटं मिळतीय!