आंब्याला बांधलेला कॅमेरा

आमच्या झरी गावच्या जमिनीत हरीण दिसलं नाही, पण काय दिसलं ते ऐका. अमेरिकेहून आलेला भाचा म्हणाला, "मामी, तिकडे हरणांच्या शिकारीसाठी अशाच जमिनी राखतात."

"इथे तो गुन्हा आहे बाबा, आणि पापही. फोटो काढ हवं तर."

त्याने आंब्याला आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. लेकीच्या लग्नासाठी आम्ही दोघांनी सोळा सोमवार धरले होते. हे दर सोमवारी उपाशीपोटी जमीन बघायला जायचे. महिन्याने भाच्याने फोटो दाखवले. हरीण एकही नाही. दर सोमवारी आंब्याखाली हे, कोंबडी खाताना.

"अगं, हरणांना घालायला नेली होती."

"हरणं कोंबडी खातात?"

"नाही ना. मग मलाच संपवावी लागली."

आता सोळा सोमवार पुन्हा पहिल्यापासून, आणि झरीला मीही सोबत जाते.