तात्यांच्या गुडघ्यांना जेल

आमचे माण गावातले घरमालक तात्या म्हणजे गुडघेदुखीनं जेरीस आलेला माणूस. एका सकाळी मी पळायला निघालो, तर माझ्या हातातली पाकिटं बघून त्यांनी विचारलं, "ह्ये काय?"

"एनर्जी जेल. यानं पळायला ताकद येते."

"मग मला बी एक द्या."

मी दिलं. कासारसाई धरणापर्यंत पळून परत आलो, तर तात्या दोन्ही गुडघ्यांना जेल चोळून ओट्यावर बसलेले.

"लई चिकाट हाय," ते म्हणाले.

ते गोड असतं, खायचं असतं, हे मी सांगणार तेवढ्यात एक कुत्रं आलं आणि त्यांचे गुडघे चाटायला लागलं. तात्या उठले आणि थेट गोठ्यापर्यंत पळाले. कुत्रं मागोमाग.

गोठ्याचं दार आतून लावून त्यांनी फटीतून मला शांतपणे विचारलं, "गुण हाय. पन तुमी लावता तवा तुमच्या मागं कोन लागतं?"